जालना शहरातील मोहल्ले आणि त्यांची सामुदायिक संपदा

प्रस्तावना

एखाद्या शहराचा परिचय करून द्यावयाचा झाल्यास लोकसंख्या, रस्त्यांची लांबी, नळजोडण्यांची संख्या व झोपडपट्ट्यांची यादी यांपासून सुरुवात करण्याची आपल्याकडे रीत आहे. ही माहिती आवश्यक आहेच. परंतु तिच्यातील बरीचशी माहिती उणिवांची असते. वस्तीत काय नाही, हे तिच्यावरून कळते. काय आहे, हे कळत नाही. जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट या अमेरिकन अभ्यासकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नेमक्या याच दोषावर बोट ठेवले होते. त्यांच्या मते प्रत्येक वस्तीचे दोन नकाशे काढता येतात. एक गरजांचा आणि दुसरा क्षमतांचा. पहिल्या नकाशात तेथील रहिवासी केवळ लाभार्थी म्हणून दिसतात, तर दुसऱ्यात त्यांची कौशल्ये, मंडळे, संस्था, मोकळ्या जागा आणि परस्परांशी असलेले व्यवहार दिसू लागतात. या साऱ्यांना मिळून प्रस्तुत लेखात ‘सामुदायिक संपदा’ असे म्हटले आहे.

जालना शहराच्या संदर्भात हा विचार आजच करण्याचे एक कारण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २.८५ लाख लोकवस्तीच्या या शहराला २०२३ मध्ये महानगरपालिकेचा दर्जा मिळाला आणि जानेवारी २०२६ मध्ये तिची पहिली सार्वत्रिक निवडणूक बहुसदस्यीय प्रभाग पद्धतीने पार पडली. प्रभागाची सीमा लोकसंख्येच्या हिशेबाने आखली जाते. मोहल्ल्याची सीमा मात्र पिढ्यान् पिढ्यांच्या वापरातून ठरलेली असते. पुढील काळातील निधी, नियोजन व आराखडे पहिल्या सीमेनुसार होणार असल्यामुळे दुसऱ्या सीमेच्या आत काय साठलेले आहे, याची नोंद आधीच करून ठेवणे उचित ठरते.

दोन तीरांवरील शहर

कुंडलिका नदीने जालन्याचे जुना जालना व नवा जालना असे दोन भाग केले आहेत. गावात कोणासही पत्ता विचारला असता प्रथम ‘जुन्या जालन्यात की नव्या?’ असा प्रतिप्रश्न येतो. लोखंडी पूल, राजमहल टॉकीजजवळचा पूल व रामतीर्थ पूल ही नावे येथील माणसाच्या बोलण्यात रस्त्यांच्या नावांपेक्षाही अधिक वेळा येतात. दोन्ही तीरांना जोडणाऱ्या या पुलांचा समावेश शहराच्या संपदेत सर्वप्रथम करावा लागेल.

शहराची जडणघडण एका हाती झालेली नाही. मलिक अंबरच्या काळात येथील अधिकारी जमशेदखान याने काळी मशीद, सराई आणि मोती तलाव बांधला व भूमिगत नळांद्वारे शहरातील हौदांपर्यंत पाणी आणले. १६७९ च्या नोव्हेंबर महिन्यात छत्रपती शिवाजी महाराजांनी जालन्याच्या पेठेवर स्वारी केली. ही पेठ त्या काळी किती संपन्न होती, याचा तो पुरावाच होय. पुढे पहिल्या निजामाच्या आदेशाने १७२५ मध्ये मस्तगडाचा किल्ला उभा राहिला. कुंडलिकेच्या दुसऱ्या काठावरील कादराबाद हे मूळचे स्वतंत्र गाव व व्यापारपेठ होती. आज ती शहराची एक वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९०३ मध्ये कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाल्यावर छावणी उठली. परंतु छावणीच्या गावी जो बाजार भरतो त्याचे ‘सदर बाजार’ हे नाव तेवढे मागे राहिले. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाली आणि कापसाच्या व्यापारामुळे सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. मारवाडी, गुजराती व पारशी कुटुंबांचा येथील व्यवहारातील वाटा त्यामुळे वाढत गेला. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आजही अभिमानाने सांगितली जाते. हा पाळणा सर्वांसाठी सारखाच हलत होता काय, हा प्रश्न मात्र ती म्हण विचारत नाही.

मोहल्ल्यांची नावे

शहराचा सर्वांत जुना दस्तऐवज म्हणजे येथील मोहल्ल्यांची नावे होत. गवळी मोहल्ला, लोधी मोहल्ला, कैकाडी मोहल्ला ही नावे जातींची व त्यांच्या व्यवसायांची आहेत. ‘मोदीखाना’ हे नाव धान्यकोठाराची व रसदीची आठवण देते. ‘रहमानगंज’ या नावातील ‘गंज’ हा शब्द धान्याच्या बाजाराचा आहे, ‘टट्टूपुरा’ ओझी वाहणाऱ्या तट्टांचा, तर ‘मंगळबाजार’ आठवड्याच्या एका वाराचा. पाणीवेस आणि दर्गावेस या नावांत तटबंदीच्या वेशी शिल्लक आहेत. तटबंदी गेली तरी वेशीचे नाव रिक्षावाल्याच्या तोंडी आहे. याउलट अलीकडच्या वसाहतींची नावे पाहावीत. नूतन वसाहत, भाग्यनगर, रामनगर, संजयनगर. ही नावे कोणत्याही शहरास चालण्यासारखी असून त्यांच्यावरून तेथे कोण काय काम करते, याचा बोध होत नाही. असा बोध न होणे ही जातीच्या दृष्टीने एक प्रकारची मुक्तताच आहे, हेही येथे मान्य करावयास हवे. कैकाडी मोहल्ल्यात जन्मलेल्या मुलास नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना काय वाटत असेल, याचा विचार मोहल्ल्यांच्या नावांचे कौतुक करणाऱ्यांनी अवश्य करावा.

या मोहल्ल्यांमध्ये श्रद्धास्थानांची दाटी आहे. जुन्या जालन्यातील आनंदी स्वामींचे मंदिर महादजी शिंदे यांनी बांधल्याचे सांगितले जाते व आषाढी एकादशीला तेथे मोठी यात्रा भरते. जानुल्लाशाह यांचा दर्गा, जैन समाजाचे गुरु गणेश धाम, ख्रिस्ती चर्च ही स्थाने फार अंतरावर नाहीत. धुळवडीच्या दिवशी निघणारी हत्ती रिसाल्याची मिरवणूक शतकाहून अधिक जुनी आहे. गुलाल उधळत जाणारी ही मिरवणूक हा शहरातील निरनिराळ्या आळ्यांना वर्षातून एकदा एका रस्त्यावर आणणारा प्रसंग होय. अशा प्रसंगांची नोंद मालमत्तेच्या कोणत्याही रजिस्टरात होत नाही. मात्र मिरवणुकीचा मार्ग, थांबण्याच्या जागा, पाणी पाजणारी घरे, वाद मिटवणारी वडीलधारी माणसे ही सारी संपदाच आहे व तणावाच्या दिवसांत प्रशासनाला प्रथम याच माणसांना बोलवावे लागते.

खुली संपदा आणि बंद संपदा

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. मूळ अमेरिकन मांडणीत संपदा म्हणजे जे जे वस्तीत आहे ते ते, असे ढोबळमानाने गृहीत धरलेले दिसते. आपल्याकडील वस्ती जातीवर व धर्मावर उभी असल्यामुळे हे गृहीतक जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. समाजाचे मंगल कार्यालय, वाडी, धर्मशाळा, पतसंस्था ही त्या समाजाची मोठी ताकद असते. पण शेजारच्या मोहल्ल्यातील माणसाला तेथे प्रवेश असतोच असे नाही. ही बंद संपदा होय. ज्या संपदेचा उपयोग परका शेजारी करू शकतो ती खुली संपदा.

या कसोटीवर पाहता जालन्याचा इतिहास बोधप्रद आहे. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले नारायण शेषाद्री पुढे स्कॉटिश मिशनच्या कार्यासाठी जालन्यास आले आणि हैदराबाद संस्थानाकडून जमीन मिळवून त्यांनी शहराजवळ ‘बेथेल’ नावाची वसाहत वसविली. ज्यांना गावात विहिरीवर पाणी भरता येत नव्हते अशी अनेक कुटुंबे तेथे राहू लागली. मिशनचे रुग्णालय शतकाहून अधिक काळ शहरात परिचित आहे व तेथे उपचारासाठी येणाऱ्यास धर्म बदलावा लागला नाही. धर्मप्रसाराच्या हेतूने उभी राहिलेली संस्था व्यवहारात खुली ठरली, तर सर्वांसाठी म्हणून बांधलेली कित्येक सभागृहे प्रत्यक्षात बंद राहिली. संस्थेच्या उद्दिष्टांचा कागद वाचून तिचे स्वरूप ठरविता येत नाही, ते यासाठीच.

दुसरे उदाहरण उच्च शिक्षणाचे. जालना एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय १९५८ मध्ये सुरू झाले. मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त होऊन तेव्हा अवघी दहा वर्षे झाली होती. त्याचे पूर्ण नाव ‘आर. जी. बगडिया कला, एस. बी. लखोटिया वाणिज्य आणि आर. बेझनजी विज्ञान महाविद्यालय’ असे आहे. हे लांबलचक नाव विद्यार्थी क्वचितच उच्चारतात. परंतु त्यात मारवाडी व पारशी व्यापारी घराण्यांचा पैसा कसा खुल्या संपदेत रूपांतरित झाला, याची नोंद आहे. कापसाच्या पेठेतील नफा वर्गखोल्यांत आला आणि त्या वर्गखोल्यांत खेड्यांतील शेतकऱ्यांची मुले बसली.

बियाण्यांच्या उद्योगाचेही असेच आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनीमुळे, म्हणजे ‘महिको’मुळे, जालन्याचे नाव देशभर गेले. त्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ मध्ये पद्मभूषण मिळाले. संकरित बियाण्यांचा व पुढे २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कापसाचा शेतीवरील परिणाम हा स्वतंत्र व वादग्रस्त विषय आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की, बीजोत्पादन शेतकऱ्यांच्या शेतावर होत असल्याने या उद्योगाने परागीकरण, निवड, प्रतवारी यांची कौशल्ये खेड्यांतील स्त्री-पुरुषांच्या हातांत आणली. बारवाले कुटुंबाच्या पुढाकारानेच उभे राहिलेले गणपती नेत्रालय हे तर मराठवाडा व विदर्भातील रुग्णांचे हक्काचे ठिकाण बनले.

घाणेवाडीचे पाणी

शहराच्या सर्वांत मोठ्या खुल्या संपदेचे नाव घाणेवाडीचा तलाव. निजामकाळात बांधलेल्या या जलाशयाचे पाणी केवळ उताराच्या बळावर शहरात येते, त्यास विजेची गरज लागत नाही. हे पाणी मुख्यतः नव्या जालन्यास मिळते. मोटारी व दूरच्या वाहिन्या यांवर अवलंबून असलेल्या योजनांशी तुलना करता ही किती काटकसरीची व्यवस्था आहे, हे सांगावयास नको. मात्र फुकट मिळणाऱ्या वस्तूची जी गत होते तीच या तलावाची झाली. वर्षानुवर्षे गाळ साठत गेला व साठवण घटली. २०१२-१३ च्या दुष्काळात जालनेकरांना टँकरखेरीज दुसरा आधार राहिला नाही. हंडे, ड्रम व टाक्या हेच त्या उन्हाळ्यातील घराघरांचे मुख्य सामान होते.

त्या काळात घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या माध्यमातून उद्योजक, व्यापारी व नागरिक एकत्र आले आणि त्यांनी गाळ काढण्याचे काम केले. गाळ शेतकऱ्यांनी स्वतः वाहून नेऊन शेतात पसरविला. शहराला साठवण मिळाली, शेतकऱ्यास सुपीक माती मिळाली. संपदा ही नुसती असून भागत नाही, तिच्याशी कोणाचे तरी नाते जोडलेले असावे लागते, हे या उदाहरणातून दिसते. त्याच सुमारास जायकवाडीहून पाणी आणणारी योजनाही कार्यान्वित झाली. दूरचे पाणी आले की जवळच्या तळ्याकडे पाठ फिरते, हा मात्र इतर शहरांचाही अनुभव आहे. मोती तलावाचे आजचे रूप पाहणाऱ्यास त्यासाठी अन्य पुरावा नको.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. लोकांच्या क्षमतांचे गुणगान वाढले की शासनास अंग काढून घेणे सोपे जाते. नागरिकांनी वर्गणीतून गाळ काढला ही अभिमानाची बाब असली, तरी पाणीपुरवठा हे नगर प्रशासनाचे कर्तव्य आहे आणि करदात्याने तेच काम वर्गणी देऊन पुन्हा करावे, अशी अपेक्षा ठेवता येणार नाही. शिवाय वर्गणी देण्याची ऐपत प्रत्येक मोहल्ल्याची सारखी नसते.

चंदनझिरा

हा शेवटचा मुद्दा चंदनझिरा या वस्तीत गेल्यावर ठळक होतो. औद्योगिक वसाहतीलगतच्या या भागात पोलाद कारखान्यांतील कामगार मोठ्या संख्येने राहतात. भंगार वितळवून त्याचे लोखंडी ठोकळे पाडणे व त्यांपासून बांधकामाच्या सळया तयार करणे हा जालन्याचा आजचा प्रमुख उद्योग आहे. भट्टीसमोर उभे राहणारे अनेक मजूर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले आहेत. त्यांच्या श्रमावर शहराची उलाढाल चालते. परंतु जुन्या जालन्याला लाभलेली वेस, मठ, दर्गा, वाचनालय, मैदान यांपैकी फार थोडे त्यांच्या वाट्यास आले आहे. वरील यादीत त्यांचा मोहल्ला नाही, कारण त्यांच्या मोहल्ल्यास अद्याप पूर्वज नाहीत.

तथापि तेथे संपदा नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. नव्याने आलेल्या गाववाल्यास खोली मिळवून देणारा जुना कामगार, महिन्याच्या हिशेबावर उधार देणारा किराणा दुकानदार, पाळीनुसार जेवणाचे डबे पुरविणाऱ्या स्त्रिया, छठपूजेसाठी एकत्र येणारी मंडळी हे तेथील आधार आहेत. ते इमारतींच्या रूपात नाहीत, म्हणून सर्वेक्षणात येत नाहीत. अशा वस्तीची नोंद करावयाची तर दिवसा जाऊन उपयोग नाही, पाळी सुटण्याच्या वेळी जावे लागेल. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून व समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र या विभागांच्या प्रकल्पांतून हे काम सहज होण्यासारखे आहे. हिंदी व उर्दू जाणणारे विद्यार्थी त्यासाठी शहरातील वर्गांत मुबलक आहेत.

या नोंदीस कायद्याचा आधारही आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरविल्या. २०११ च्या जनगणनेत जालना या मर्यादेच्या थोडे अलीकडे होते. २००९ मध्ये महाराष्ट्राने आपल्या नागरी कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली. क्षेत्रसभेचा विस्तार मतदान केंद्रांच्या हिशेबाने ठरत असल्यामुळे तो प्रभागापेक्षा बराच लहान, साधारणतः एका मोहल्ल्याएवढा असू शकतो. राज्यातील बहुतेक शहरांत ही तरतूद कागदावरच राहिली आहे. जालन्याची महानगरपालिका नवी आहे, तिच्या सवयी अद्याप बनावयाच्या आहेत आणि क्षेत्रसभांच्या सीमा आखताना समोर कोणता नकाशा ठेवावयाचा, हे ठरविणे अजून तिच्या हाती आहे.