तपासणीचे यंत्र आणि कारीगराची मजुरी

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमाग कारीगराला डॉक्टरांनी सीटी स्कॅन लिहून दिला की त्याच्यापुढे दोन खर्च उभे राहतात. एक तपासणीचा, दुसरा बुडालेल्या मजुरीचा. मजुरी कापडाच्या मीटरवर मिळते. तेव्हा धुळ्याच्या किंवा मुंबईच्या सरकारी रुग्णालयात रांग लावली तो दिवस कोरडाच गेला. रिपोर्टसाठी हेलपाटा वेगळा.

यंत्र जवळ का येत नाही, हे कारखानदार बांधवांना समजावून सांगायला नको. माग बंद असला तरी भाडे आणि व्याज थांबत नाही. स्कॅनच्या यंत्राचेही तेच. एमआरआयचे तर त्याहून कठीण. त्यातले चुंबक द्रवरूप हेलियमने उणे 269 अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावे लागते, त्यामुळे पेशंट नसतानाही विजेचे मीटर फिरतच राहते. मग अशी यंत्रे जिथे रोख पैसे देणारे पेशंट भरपूर, त्या शहरांतच गर्दी करतात.

त्यात कराची गोम आहे. तपासणीच्या सेवेवर जीएसटी नाही, हे ऐकायला बरे; पण त्यामुळेच यंत्रावर भरलेला कर केंद्रचालकाला वजा करून मिळत नाही आणि तो पेशंटच्या बिलात मुरतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैद्यकीय एक्स-रे यंत्रांवरील कर 12 वरून 5 टक्के झाला. दर किती उतरले, हे आता ग्राहकानेच विचारावे.

आपली व्यापारी मंडळी वर्गणी काढून दवाखान्याला यंत्र देतात. मोठ्या यंत्राचा मोह होतो, फलकावर नावही शोभते! परंतु मोडलेले हाड, छातीचा आजार, गरोदरपण यांतले बहुतेक काम साध्या एक्स-रे आणि सोनोग्राफीवर भागते. हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे आता भारतातच बनतात. डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या 100 दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत ती वापरली गेली.

यंत्र आल्यावर खरा खर्च सुरू होतो. दुरुस्तीचा वार्षिक करार आणि तंत्रज्ञाचा पगार कोण देणार? एक्स-रेचा फोटो इंटरनेटवरून दूरच्या रेडिओलॉजिस्टकडे पाठवता येतो. सोनोग्राफीला मात्र जाणकार डॉक्टर जागेवरच हवा. शिवाय गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्याखाली केंद्राची नोंदणी लागते, यंत्र दानात मिळाले म्हणून सूट नाही. एक्स-रेला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी हवी. आणि दिवसपाळी सुटल्यावर तपासणी केंद्र उघडे राहील का, हे देणगीचा चेक फाडण्याआधी दवाखान्याकडून लिहून घ्यावे.