डुलणारा घन आणि सहा काड्या

सायकलच्या दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब मागितली की दुकानदार काळ्या, बारीक रबरी नळीचा हातभर तुकडा कापून देतो. चाकातली हवा अडवण्यासाठी ती व्हॉल्व्हवर चढवतात. आगपेटीतली काडी या नळीत जेमतेम शिरते. नळीचं भोक काडीपेक्षा जराच लहान असतं, त्यामुळे रबर काडीला घट्ट धरून ठेवतं. सांधा मात्र हवा तसा वाकतो.

या जोडीचा उपयोग पहिल्यांदा अरविंद गुप्तांना दिसला. आयआयटी कानपूरमधून १९७५ साली बाहेर पडलेला हा इंजिनियर पुण्यात टेल्कोमध्ये ट्रक बनवण्याच्या कामात होता. १९७८ मध्ये रजा घेऊन तो मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेला. तिथे १९७२ पासून १६ माध्यमिक शाळांमध्ये एक वेगळाच खटाटोप चालला होता. सहावी ते आठवीच्या मुलांनी विज्ञान पाठ करायचं नाही, स्वतःच्या हातांनी करून पाहायचं. खेड्यातल्या शाळेला परवडेल असं साहित्य हवं होतं आणि गुप्तांनी ते गावच्या बाजारातून उचललं. मेकॅनोचे पत्र्याचे तुकडे आणि नटबोल्ट लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली पेटंट केले होते. इकडचा मेकॅनो काडी आणि रबर यांचा झाला, आणि माझ्या मते शिकवण्याच्या कामी तोच सरस ठरला. तो कसा, हे काड्या हातात घेतल्यावर कळतं.

काड्यांचे गुल खरवडून टाकायचे. नळीचे दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे करायचे आणि प्रत्येकात दोन्ही बाजूंनी एकेक काडी सारायची. तीन काड्या, तीन सांधे: त्रिकोण. तो चिमटीत धरून दाबा, ओढा, पिळा. काडी मोडेल, पण आकार हलणार नाही. आता चौकोन करा. बोटाचा धक्का लागला की तो कलंडून पतंगासारखा होतो, आणखी ढकललं की चपटा. पंचकोन, षटकोन तर विचारूच नका.

फळ्यावर चौकोन काढला की तो चौकोनच राहतो. सुताराने चार खिळे मारून केलेली चौकटही बऱ्यापैकी ताठ असते, कारण तिथे खिळे आणि लाकडाची खाच मिळून कोन धरून ठेवतात. रबराचा सांधा मात्र कोन धरतच नाही. आकार टिकतो की नाही, हे तिथे फक्त काड्यांची लांबी आणि मांडणी यांवर ठरतं. महागड्या किटमध्ये तुकडे कट्‍कन ताठ बसतात आणि नेमकं हेच झाकलं जातं. सांधा लेचापेचा आहे म्हणून भूमिती उघडी पडते.

डुलणाऱ्या चौकोनात एक तिरपी काडी घातली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तो जागच्या जागी थिजतो. वाड्याच्या फाटकावरची तिरपी पट्टी, परांचीला बांधलेला तिरका बांबू, विजेच्या उंच टॉवरवरची लोखंडी जाळी, सगळीकडे ही काडी आहे. एकदा डोळ्यांत बसली की रस्त्याने जाताना सुटत नाही. उलट बाजूही तितकीच गमतीची. जुन्या इमारतींतल्या लिफ्टचं जाळीदार सरकतं दार आणि लोकलच्या टपावर वर-खाली होणारा पँटोग्राफ हे दोन्ही चौकोनाच्या त्याच डुलण्यावर चालतात. तिथे तिरपी काडी ठोकली तर काम बंद पडेल. आकार हलावा की हलू नये, हे ज्याला बनवायचं आहे त्याने आधी ठरवावं लागतं.

आता खरी मजा. सांध्याला काट्याने आडवं भोक पाडून त्यात टोक काढलेली तिसरी काडी खुपसायची. असे आठ सांधे आणि बारा काड्या घेऊन घन तयार करा. टेबलावर ठेवला की तो हळूहळू एका कुशीवर लवंडतो. वर्गाला प्रश्न टाकायचा: कमीत कमी किती काड्या जास्तीच्या घातल्या म्हणजे हा उभा राहील? कोणी चार म्हणतं, कोणी बारा.

उत्तर मोजून काढता येतं. हवेत मोकळा तरंगणारा एक सांधा तीन प्रकारे हलू शकतो: वर-खाली, डावी-उजवीकडे, पुढे-मागे. आठ सांध्यांच्या मिळून चोवीस मोकळिकी. प्रत्येक काडी त्यातली एक हिरावून घेते, कारण ती दोन सांध्यांमधलं अंतर पक्कं करते. सहा मोकळिकी मात्र कधीच काढता येत नाहीत, काढायच्याही नसतात: अख्खी वस्तू उचलून तीन दिशांना सरकवता येते आणि तीन प्रकारे फिरवता येते. चोवीस वजा सहा, अठरा. आपल्याकडे बारा काड्या आहेत. सहा कमी पडतात. आणि घनाला बाजू किती? सहा! दर बाजूला एक तिरपी काडी.

हा हिशेब १८६४ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी मांडला. वीज आणि चुंबकत्व यांची समीकरणं एकत्र बांधणारे तेच मॅक्सवेल. सांध्यांची संख्या तिप्पट करा, सहा वजा करा, तितक्या काड्या हव्यात. चार सांध्यांच्या चतुष्फलकाला सहा लागतात आणि त्याच्या कडा बरोबर सहा. वीस त्रिकोणी बाजूंच्या विंशतिफलकाला बारा सांधे असतात, म्हणजे तीस काड्या हव्यात, आणि त्याच्या कडा तीसच. सातवीच्या मुलाला वजाबाकी आणि गुणाकार येतो, तेवढ्यावर हे भागतं.

तिरप्या काड्या सरळ काड्यांहून लांब लागतात, म्हणून तिथे खराट्याचे हीर मापाने कापून दोऱ्याने कोपऱ्यांशी बांधायचे. त्या नीट निवडून बसवल्या, म्हणजे एक कोपरा सोडून एक अशा चारच कोपऱ्यांना जोडल्या, की घनाच्या पोटात आपोआप एक सुबक चतुष्फलक तयार होतो. बाहेरच्या बारा काड्या त्याच्या आधाराने उभ्या राहतात. हे पहिल्यांदा हातात धरल्यावर मोठी माणसंही गप्प होतात.

पण मोजणी म्हणजे सगळं नव्हे. एखादं खट्याळ पोर एकाच बाजूवर दोन तिरप्या काड्या मारतं आणि दुसरी बाजू उघडी ठेवतं. काड्या अठराच, हिशेब जुळला, तरी घन डुलतो. एक काडी फुकट गेली आणि दुसरीकडे एक कमी पडली. संख्या पुरेशी असणं आणि जागा बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना इथे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

यापुढचा पाठ दोऱ्याचा. हीर आणि नळीची एक छोटी कैची करायची, कौलारू घराच्या छपराखाली असते तशी: दोन तिरपे वासे, खाली आडवी तुळई, आणि शेंड्यापासून तुळईच्या मध्यापर्यंत उभा दांडा. तुळईही मध्यावर सांधलेली. एकूण पाच काड्या, चार सांधे. दोन पुस्तकांवर तिची दोन टोकं टेकवायची आणि तुळईच्या मध्यावर वजन टांगायचं. आता मुलांना विचारा, कुठली काडी काढून तिथे दोरा बांधला तरी चालेल? मधला उभा दांडा शेंड्याला टेकू देतोय, तो काढला तर सगळं कोसळेल, असं बहुतेकांना वाटतं. दोरा बांधून पाहा. कैची जशीच्या तशी उभी राहते! तो दांडा वर काहीच पेलत नव्हता. शेंड्याला लटकून तोच खालची तुळई धरून बसला होता. मग तुळईचे दोन्ही तुकडेही काढून तिथे दोरा ताणा, तेही चालतं. पाचांपैकी तीन जागी दोरा. काडी हवी ती फक्त दोन वाशांच्या जागी, कारण तिथे दाब आहे आणि दोरा दाबाला उभा राहत नाही.

दाबाखाली लांब काडी धोका देते, हेही लगेच पाहता येतं. हीर उभा धरून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दाबायचा आणि तो बाकताना काटा किती दाखवतो ते लिहायचं. मग त्याच हिराचा अर्धा तुकडा दाबायचा. आकडा दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होतो. लेओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात हे गणिताने दाखवलं होतं. रेल्वेच्या लोखंडी पुलात दाबाखालचे दांडे जाड का आणि ताणाखालचे सडपातळ का, याचं उत्तर वजनकाट्यावर मिळतं.

पुण्यापासून सुमारे सत्तर किलोमीटरवर पाबळ नावाचं गाव आहे. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग तिथे आले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. मुलांनी वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज यांत हात घालूनच शिकायचं, हे तिथलं धोरण. तिथे लोखंडी अँगलचे जिओडेसिक, म्हणजे त्रिकोण जोडून केलेले, घुमट उभारले जातात. म्हणजे काडी-नळीचाच खेळ, फक्त आत माणूस राहील एवढा.

एवढा मोठा नको असेल तर वर्तमानपत्राच्या सुरळ्या चालतात. बारीक सळईवर कागद तिरपा गुंडाळून चिकटवायचा, टोकं चपटी करून भोकं पाडायची. भोकापासून भोकापर्यंत ६० सेंटीमीटरच्या ३५ सुरळ्या आणि ५३ सेंटीमीटरच्या ३०. एकूण ६५, सांधे २६, त्रिकोण ४०. जिथे पाच सुरळ्या भेटतात तिथे सगळ्या आखूड, बाकी सगळ्या लांब. घुमट जवळजवळ एक मीटर उंच होतो, आत तीन-चार मुलं मांडी घालून बसू शकतात.

आता हिशेब लावा. २६ सांध्यांना मॅक्सवेलच्या नियमाने ७२ सुरळ्या हव्यात. आपल्याकडे ६५, म्हणजे सात कमी. घुमट काठाला धरून उचला, तो खरंच लडबडतो. पण तळाचे दहा सांधे जमिनीत खुंट्यांना बांधले की चित्र पालटतं. आता मोकळे सांधे फक्त सोळा उरले. त्यांना ४८ सुरळ्या पुरतात, आणि तळाच्या दहा बाजूला ठेवल्या तरी आपल्याकडे ५५ आहेत. हवेत धरला तर सात कमी, जमिनीवर रोवला तर सात जास्त!

तेव्हा दार कापायचं तर या सातांतूनच कापायचं. फक्त कुठल्या? सगळ्या एकाच सांध्याभोवतालच्या काढल्या तर तो सांधा लोंबकळायला लागेल. प्रत्येक मोकळ्या सांध्याला निदान तीन सुरळ्या हव्यात, आणि त्या एकाच पातळीत असून भागणार नाही. किती मोठं दार निघेल, हे वर्गाने आधी कागदावर ठरवायचं, मग कात्री घ्यायची.