सात आणि आठच्या मधली फट

जयपूरच्या गोपालपुरा बायपासवर कोचिंग क्लास आणि हॉस्टेलांच्या पाट्या एकीला एक लागून आहेत. त्या गर्दीत मायक्रोकंट्रोलर शिकायला बसलेला मुलगा असो, की पुण्याच्या तपकीर गल्लीत पार्ट धुंडाळणारी डिप्लोमाची मुलगी, दोघांच्या हाती पहिला बोर्ड पडतो तो बहुधा अर्डुइनो ऊनो, नाहीतर त्याची चिनी नक्कल. दुकानदार चिपचे गुण सांगतो: १६ मेगाहर्ट्झ, ३२ केबी फ्लॅश. माझं मत विचाराल तर बोर्डाची पारख काठावरून करावी. चिपला कुणी हात लावत नाही. बोटांची गाठ पडते ती बटणाशी आणि दोन्ही कडांच्या कनेक्टरांशी.

ऊनोची डिजिटल पिनांची बाजू डोळ्यांसमोर धरा. पिनापिनांत ०.१ इंच अंतर, म्हणजे २.५४ मिलिमीटर. ७ आणि ८ च्या मध्ये मात्र ०.१६ इंच. यामागे काही खोल विचार असेल असं वाटतं, पण तसं काही नाही. २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रेआ गावात मासिमो बांझी आणि त्यांचे सहकारी विद्यार्थ्यांना परवडेल असा बोर्ड तयार करत होते. आराखडा करताना चूक झाली आणि ती रांग सरकली. नंतर दुरुस्त करायची तर आधी बनलेली सगळी शील्डं, म्हणजे बोर्डाच्या डोक्यावर बसणारी जोडकार्डं, बाद झाली असती. म्हणून फट राहिली. पुढे एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कंपनीने आपल्या न्यूक्लिओ बोर्डांवर ऊनोच्या मापाचे कनेक्टर दिले, तेही फटीसकट. २०२३ च्या ऊनो आर४ मध्ये ८ बिटांची चिप जाऊन रेनेसासची ३२ बिटांची आली, फट तिथेच. घाईत झालेल्या एका चुकीपुढे एवढ्या मोठ्या कंपन्या मान तुकवतात, याची मला मोठी मौज वाटते.

त्रास होतो तो घरी शील्ड करणाऱ्याला. झीरो पीसीबीची, म्हणजे नुसत्या भोकांच्या कोऱ्या बोर्डाची, भोकं सरसकट ०.१ इंचावर. एका रांगेची बर्ग स्ट्रिप, म्हणजे पिनांची पट्टी, बसते, दुसरीच्या पिना पक्कडीने वाकवाव्या लागतात. फायदा म्हणाल तर एवढाच, की शील्ड उलटं बसत नाही.

आपल्याकडच्या ८०५१ या मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डांची तऱ्हा निराळी. तिथे प्रत्येक पोर्टला १० पिनांचा एफआरसी कनेक्टर: आठ पिना पोर्टच्या, उरलेल्या दोन सप्लाय आणि ग्राउंडच्या. खाच असल्यामुळे पट्टीची केबल एकाच बाजूने आत जाते. दिसायला ओबडधोबड, पण परीक्षक समोर उभा असताना जंपर वायर निसटते तशी ती निसटत नाही. आयआयटी मुंबई आणि नेक्स रोबोटिक्स यांनी मिळून केलेल्या फायर बर्ड ५ या रोबोने तर कनेक्टरवर आणखी मोठी भिस्त ठेवली. त्याचा मेंदूच वेगळ्या कार्डावर आहे. एव्हीआर चिपचं कार्ड काढा, ८०५१ किंवा एआरएम ७ चं कार्ड बसवा. चाकं, सेन्सर, बॅटरी तीच. आयआयटी मुंबईच्याच ई-यंत्र उपक्रमातून हा रोबो देशभरच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत पोचला.

आता बटण. ६ मिलिमीटरचा चौकोनी पुश स्विच, पाय चार, काम मात्र दोघांचंच. समोरासमोरचे दोन दोन पाय आतून जोडलेलेच असतात. ब्रेडबोर्डवर आडवा लागला तर तो कायमचा दाबलेला. तिरके, कोपऱ्याकोपऱ्यातले दोन पाय धरले की चूक होत नाही. शिवाय आतला पत्रा टेकताना काही मिलिसेकंद थरथरतो. आपल्याला एकच दाब वाटतो, चिप मात्र १० मिलिसेकंदांत १,६०,००० ठोके मोजते. तिला तेवढ्यात बटण चारपाच वेळा दाबल्यासारखं दिसू शकतं. वीसेक मिलिसेकंद थांबून पिन पुन्हा वाचली की काम भागतं. आणि पिन सप्लायकडे ओढून धरणारा पुल-अप रोध लावलेला असला तर सोडलेलं बटण १ सांगतं, दाबलेलं ०. नवशिक्याची पहिली संध्याकाळ बहुधा याच उलट्या हिशेबात जाते.

ईएसपी३२ या दुसऱ्या चिपच्या बोर्डावर बटणं दोन, ईएन आणि बूट. ईएन म्हणजे रीसेट. बूट शून्य क्रमांकाची पिन ग्राउंडला टेकवतं. रीसेटच्या क्षणी ती खाली असली तरच चिप नवा प्रोग्राम घ्यायला तयार होते. हे काम यूएसबीच्या चिपने आपोआप करायचं असतं. काही स्वस्त बोर्डांत ते जमत नाही, पडद्यावर ‘कनेक्टिंग’पुढे ठिपक्यांची माळ लांबत जाते आणि बूटवर अंगठा दाबून बसावं लागतं. अनेकदा ईएन आणि ग्राउंडच्या मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की हे थांबतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असा कपॅसिटर चिल्लरीत मिळतो. बोर्ड बनवणाऱ्याने तो आधीच लावून दिला असता तर त्याचं काय बिघडलं असतं?