फायरवॉल : संगणकांच्या वेशीवरील द्वारपाल

खारघरच्या नैर्ऋत्येस, उरण तालुक्यात, न्हावा शेवा बंदर आहे. जून २०१७ मध्ये तेथील एका धक्क्याचे काम एकाएकी ठप्प झाले. ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम संगणकांत शिरला होता. नवल असे की, संगणकांच्या देखभालीची साधनेच वापरून तो पसरत असे!

ही देखभालीची वाट राखते ती फायरवॉल. संदेश कोठून आला, कोणत्या क्रमांकाच्या दाराशी निघाला, हे ती नियमांशी ताडून पाहते. दूरच्या यंत्रास आज्ञा देण्याचे दार बहुधा २२ क्रमांकाचे; ते केवळ व्यवस्थापकाच्या संगणकापुरतेच उघडावे. नियम सामान्यतः वरून खाली तपासले जातात व पहिला जुळणारा नियम लागू होतो. म्हणून सर्वांस मज्जाव करणारा नियम तळाशी असतो. तो वर गेला, तर खुद्द व्यवस्थापकच बाहेर! मग त्या बिचाऱ्यास यंत्रापाशी चालत जावे लागते.