संस्थापकाचे स्मारक आणि संघाचे नाव : जुन्या गोव्यातील एक वेदी

धर्मसंघांच्या नावांचा विचार करता त्यांचे दोन वर्ग सहज पडतात. फ्रान्सिस्कन व डोमिनिकन ही रूढ नावे संस्थापकांच्या व्यक्तिनामांवरून साधलेली आहेत. याउलट, मराठीच्या अभ्यासकांना फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणामुळे (१६१६) परिचित असलेला येशूसंघ आपल्या संस्थापकाचे, म्हणजे इग्नेशियस लोयोला यांचे, नाव धारण करीत नाही. १५४० साली पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळालेल्या या संघाने नाव घेतले ते येशूचे. ज्याला नावातच स्थान नाही, त्याला स्मारकात कोणते स्थान द्यावयाचे? या प्रश्नाचे उत्तर जुन्या गोव्यातील 'बॉम जेझुस' या ख्रिस्तमंदिरात पाहावयास मिळते.

या मंदिराची पायाभरणी १५९४ साली झाली व अभिषेक १६०५ साली. ते बाळ येशूला वाहिलेले आहे. त्या वेळी इग्नेशियस यांना निधन पावून जवळजवळ अर्धशतक लोटले होते. परंतु 'धन्य' ही पदवी त्यांना १६०९ साली व संतपद १६२२ साली मिळाले. आजची सोनेरी मुख्य वेदी उत्तरकालीन आहे.

वेदीवर इग्नेशियस यांची भव्य मूर्ती असून बाळ येशूची मूर्ती तिच्या खाली व आकाराने फार लहान आहे. केवळ आकार प्रमाण मानल्यास मंदिराची देवता संस्थापकच होय, असा समज होईल. तथापि मूर्तीची दृष्टी वर वळलेली आहे. वर तेजोवलयात येशूच्या ग्रीक नावाची आद्याक्षरे आहेत. हीच संघाची मुद्रा. त्याहून वर पवित्र त्रैक्य आहे. वाक्यात ठळक दिसणारे पद हेच प्रधान पद असते असे नाही, ते अन्वयाने ठरते. येथेही अन्वय दृष्टीच्या दिशेने लावावा लागतो. तसा लावला म्हणजे संघाचे नाव व संस्थापकाचे स्मारक यांत विरोध उरत नाही.

बहुसंख्य यात्रेकरू येथे येतात ते संघाचे एक आद्य सभासद फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीसाठी. मुख्य वेदीकडे त्यांचे लक्ष ओझरतेच जाते. १७५९ साली पोर्तुगीज सत्तेने येशूसंघीयांना आपल्या प्रदेशांतून हद्दपार केले. संघ गेला, वेदी राहिली. आणि आपले नाव मागे ठेवणाऱ्या संस्थापकाचा संकल्प तिच्या रचनेत आजही वाचता येतो.