मे महिन्यातला चढ

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये नीट पळायचं असेल, तर चढाची तयारी मे महिन्यातच धरावी लागते. ही स्पर्धा 2012 पासून होते आहे. गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळायचं आणि त्याच घाटाने खाली उतरायचं. एकूण 21 किलोमीटर. दिवस पावसाळा सरतानाचे असतात. पण सोळा आठवड्यांचं वेळापत्रक मागे मोजत आलं की बोट थेट मेच्या मध्यावर टेकतं, आणि मेच्या मध्यावर घरात दोन मुलं मोकाट असतात.

थोरला दहा वर्षांचा, धाकटी सहाची. नवरा एमआयडीसीत पहिल्या पाळीला, सव्वासहाला त्याची बस. साडेसातनंतर पळावं तर ऊन सोसत नाही आणि त्याआधी मुलांना एकटं टाकून जाता येत नाही. म्हणून मुलं माझ्याबरोबर अजिंक्यतारा गडावर येतात. निम्मा सातारा रोज सकाळी तिथे चालायला जातोच; त्यात आमची वरात फारशी उठून दिसत नाही.

तयारी आदल्या रात्री सुरू होते. बाटल्यांत अर्धं पाणी भरून त्या फ्रीजरमध्ये आडव्या ठेवायच्या. उभ्या ठेवल्या तर बर्फ तळाशी गच्च बसतो आणि लवकर वितळत नाही. सकाळी उरलेलं पाणी ओतलं की गडावर पोचेपर्यंत ते गार राहतं. मुलं झोपतात ती सकाळच्याच कपड्यांत, गच्चीवर. पहाटे सहा वर्षांच्या मुलीला फ्रॉक की चड्डी या विषयावर बोलायला लावलं तर सूर्य थांबत नाही. गच्चीवर झोपण्याचा आणखी एक फायदा म्हणजे उठवावं लागत नाही. साडेपाचला फटफटायला लागतं, कावळे ओरडतात आणि थोरला चादर डोक्यावरून घेत का होईना, उठून बसतो.

गडाच्या दरवाजाजवळपर्यंत डांबरी रस्ता आहे, वळणावळणाचा. आमची पद्धत अशी: मुलं आपल्या चालीने, रस्त्याच्या आतल्या कडेने चढत राहणार. मी पुढच्या वळणापर्यंत पळत जाणार, तिथून उलटी फिरून मुलांपर्यंत खाली येणार आणि पुन्हा वर. मुलं माझ्या नजरेआड जाता कामा नयेत, एवढा एकच नियम. मुलं गड एकदा चढतात तेवढ्यात मी तोच रस्ता तुकड्यातुकड्यांनी कितीतरी वेळा चढलेली असते. रोज काठी टेकत चढणारे एक आजोबा पहिल्या आठवड्यात थांबून म्हणाले, "काय हो ताई, खाली काही राहिलं का?" मी धापा टाकत होते, म्हणून धाकटीनेच उत्तर दिलं, "आम्ही राहिलो ना, आजोबा."

मुलांची चाल हा प्रकार जवळून बघण्यासारखा आहे. ती चालत नाहीत. कठड्यापर्यंत जीव खाऊन पळतात, कठड्यावर बसतात, खडा उचलतात, तो खाली फेकतात, त्याचा आवाज ऐकतात आणि मग काही झालंच नाही अशी पुन्हा सुटतात. माझ्या घड्याळात नाडीचे ठोके खाली यायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात ह्यांचं एक भांडण होऊन मिटलेलंसुद्धा असतं. 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी आठ ते बारा वर्षांचे मुलगे, व्यायाम न करणारे पुरुष आणि राष्ट्रीय पातळीवरचे सहनशक्तीचे खेळाडू यांना सायकलवर दमवून पाहिलं होतं. जोराच्या श्रमात मुलांचे स्नायू खेळाडूंच्या बरोबरीने टिकले आणि श्रमानंतर सावरण्यात मुलं त्यांच्याही किंचित पुढे निघाली. लहान वयात शरीर प्राणवायूवर चालणाऱ्या यंत्रणेवर जास्त विसंबतं, हे त्याचं कारण. हा अभ्यास वाचल्यापासून "दमलो, उचलून घे" या वाक्यावरचा माझा विश्वास कमी झाला आहे. त्याचा अर्थ बहुधा "कंटाळा आला" असाच असतो, आणि कंटाळ्यावर औषध म्हणजे करवंदं. मेच्या मध्यावर उतारावरच्या जाळ्या काळ्या पडायला लागतात. काटे लागतात, चीक बोटांना चिकटतो, पण चढ विसरायला होतो.

दरवाजातून आत शिरलं की थोरल्याचा इतिहासाचा तास सुरू होतो. 1699 च्या डिसेंबरात औरंगजेबाने या किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी तो पुढल्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत लढवला. मोगलांनी मंगळाईच्या बुरुजाला सुरुंग लावले, त्यातला दुसरा उलटा उडाला आणि बुरूज त्यांच्याच सैन्यावर कोसळला. हे सांगताना तो दोन्ही हात उडवून दाखवतो, आणि धाकटी रोज न चुकता मरून पडते. तेवढ्यात मी टाचा कठड्याला लावून पोटऱ्या ताणून घेते.

उतरताना मात्र माझा आवाज चढतो. मुलांना उतारावर पळायची भारी हौस, आणि कडेच्या बारीक खडीवर पाय सटकायला क्षण पुरतो. मोठ्यांनाही उतारच जास्त महागात पडतो. चढताना छाती भरते, पण मांड्या दुसऱ्या दिवशी दुखतात त्या उतारामुळे. स्नायू लांब होत असतानाच ब्रेकचं काम करतो आणि त्याचे बारीक तंतू दुखावतात. घाटातून खाली येताना लोक लंगडतात ते यानेच. म्हणून उताराचाही सराव लागतो, आखूड पावलं टाकत.

घरी आल्यावर वजनकाटा. पळायच्या आधीचं वजन, घाम पुसून नंतरचं, आणि वाटेत प्यायलेलं पाणी मिळवायचं. जो फरक येतो तेवढा घाम गेला. किलोभर म्हणजे साधारण लिटरभर. मुलांनाही काट्यावर चढायचं असतं. एकदा धाकटीचं वजन गडावर जाऊन वाढलं होतं. खिसे उलटे केले तेव्हा दगड निघाले.

आता या घामाची भरपाई. आमच्याकडे ती पन्ह्याने होते. कैऱ्या कुकरला लावते. दोन शिट्ट्यांत साल सैल होते आणि हाताने ओढली की निघून येते. गर चमच्याने खरवडायचा, कोयी मुलांना चोखायला द्यायच्या (कोयी दोनच असाव्यात, तिसरी आली की वाटणी कोर्टात जाते), गराच्या दीडपट गूळ, वेलची. इथपर्यंत सगळ्यांचं एकच. मग माझी बाटली वेगळी होते. सरकारी दवाखान्यात जलसंजीवनीचं पाकीट मिळतं, त्यात लिटरमागे 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं. पन्हं त्याहून कितीतरी गोड. पळणाऱ्याच्या पोटात ते तसंच गेलं तर डचमळतं. म्हणून माझं पन्हं पातळ करते आणि लिटरला जेमतेम अर्धा सपाट चमचा मीठ घालते. गंमत जिभेची आहे. लांब पळून आल्यावर ती बाटली अमृतासारखी लागते, आणि तीच दुपारी तोंडाला लावली तर खारट म्हणून ठेवून द्यावीशी वाटते. मुलांच्या पन्ह्यात मीठ नेहमीइतकंच, चिमूटभर.

मुलांना ऊन मोठ्यांपेक्षा जास्त बाधतं असं डॉक्टरही पूर्वी सरसकट सांगत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 मध्ये ते मत बदललं: पाणी आणि विश्रांती पुरेशी असेल तर निरोगी मुलं उन्हातला व्यायाम मोठ्यांइतकाच झेलतात. अडचण शरीराची कमी आणि खेळाच्या नादाची जास्त. खेळणारं मूल तहान लागली म्हणून खेळ सोडत नाही. आमच्याकडे म्हणून राज्य बदललं की पाणी प्यायचं, असा कायदा आहे. गल्लीतल्या सगळ्या मुलांना लागू.

मोठ्या माणसाचं शरीर उन्हाला सरावायला दहा ते चौदा दिवस घेतं. आधी रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, मग घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. तोवर नेहमीच्याच वेगाला छाती धडधडते. या दिवसांत घड्याळाकडे बघून चिडणारे पळणारे मी खूप पाहिलेत. माझ्या मते मेमध्ये वेग वाढवण्याचा हट्टच धरू नये. चढ पायात मुरला की महिना वसूल.

अकरा ते पाच घर बंद. मला विचाराल तर दिवसातला खरा कस इथे लागतो. गडाला वळणं तरी आहेत. दुपार सरळसोट असते. पाच-तीन-दोन खेळून होतं, त्यात कोणीतरी पत्ता लपवतं, पंख्याखालच्या जागेवरून मारामारी होते, आणि "आई, आता काय करू?" दर दहा मिनिटांनी. एक दिवस मात्र दुपारच मदतीला येते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. साडेबाराच्या सुमाराला मुलांनी गच्चीवर पितळी तांब्या, स्टीलचा डबा आणि बाहुली ओळीने मांडली. सावल्या आखडत आखडत बुडाखाली गेल्या. डब्याला सावलीच नाही म्हटल्यावर धाकटीने स्वतःची शोधली. ती चपलांभोवती गोळा झाली होती. तिने चप्पल काढून खात्री करायचं ठरवलं आणि तापलेल्या गच्चीवरून किंचाळत जिन्यात पळाली. तेवढा वेग तिने गडावर कधी दाखवलेला नाही.

रविवारी मुलं नणंदेकडे आणि मी घाटात. त्यात सांगण्यासारखं फार नाही. चार माणसं, एकच लय, कोणी कोणाला पाणी मागत नाही.

महिना उतरणीला लागला की दुपारनंतर ढग येतात, सोसाट्याचं वारं सुटतं, वळीव कोसळतो आणि मुलं गारा वेचायला धावतात. हवा गार झाल्यासारखी वाटते, पण पहाटे ओलसर असते, आणि घाम वाळत नाही. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता ठिबकून रस्त्यावर पडला तर काहीच नेत नाही. तेव्हा ढगाळ पहाटेला मी दोन वळणं कमी करते. बाकीच्यांना हा आळस वाटतो.

जूनच्या मध्यावर शाळा उघडते. सव्वासहाला बस नवऱ्याची आणि पावणेसातला मुलांची, मध्ये दोन डबे. पहाटेचा गड त्यात कुठेच बसत नाही. संध्याकाळी पळावं तर पाऊस. यावर जेवताना घरात चर्चा झाली. नवऱ्याने जिन्याच्या फेऱ्या सुचवल्या, थोरल्याने डबे आदल्या रात्री भरायला सांगितले. धाकटीचं म्हणणं, आईने शाळेच्या बसमागे पळावं. ती मागच्या खिडकीतून बाटली देईल.