आज हेलिकॉप्टर उडणार नाही

पहाटे 4.30. सुरतच्या उधन्यात यंत्रमागांची रात्रपाळी अजून सुटलेली नसते, तेव्हा माझा पहिला फोन उत्तराखंडात जातो. गुप्तकाशीच्या पुढे फाटा नावाचं गाव आहे. केदारनाथची हेलिकॉप्टरं गुप्तकाशी, फाटा आणि सिरसी या तीन ठिकाणांहून सुटतात. माझी मंडळी बहुतेक फाट्यालाच असतात. लिंबायत, गोडादरा, डिंडोली इथल्या खानदेशी घरांतून मी चारधामला माणसं पाठवतो. जळगाव-धुळे-नंदुरबारकडून पोटासाठी आलेली ही कुटुंबं. मुलं मार्केटात स्थिरावली, घर झालं, आता आईवडिलांना बाबा केदार दाखवायचा. गुडघे साथ देत नाहीत म्हणून हेलिकॉप्टर.

आमचा माणूस सांगतो, "दादा, इथं वर तारे दिसतायत. पण गौरीकुंडाच्या बाजूला ढग भरलाय."

मी वहीत एवढंच लिहितो : गौरीकुंड, ढग.

5.30 ला चहा होतो, पण पहिल्या फेरीची वेळ टळेपर्यंत मी उठत नाही. 15 जून 2025 च्या पहाटे साधारण याच वेळेला केदारनाथहून गुप्तकाशीकडे निघालेलं बेल 407 हेलिकॉप्टर गौरीकुंडाच्या वरच्या जंगलात कोसळलं. सातही जण गेले. त्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक जोडपं होतं आणि त्यांची दोन वर्षांचीही न झालेली मुलगी. पायलट नवखा नव्हता, लष्करात वर्षानुवर्षं हेलिकॉप्टर चालवलेला होता. दरी ढगांनी भरलेली होती. त्याच सकाळी तशाच हवेत उडालेल्या आणखी दोन हेलिकॉप्टरांच्या पायलटांचे परवाने डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, सहा महिन्यांसाठी निलंबित केले. हा तपशील मला जास्त टोचतो. त्या हवेत उडणारा एकटा नव्हता. बाकीचे पोहोचले, एवढाच फरक. त्याआधी 18 ऑक्टोबर 2022 ला गरुडचट्टीजवळ असंच बेल 407 ढगाळ हवेत डोंगराला धडकलं. सहा यात्रेकरू आणि पायलट गेले. त्यांत भावनगरकडच्या तिघी तरुणी होत्या. आमच्या गुजरातमधल्याच.

सकाळी 7 वाजता फोन सुरू होतात. पहिला डिंडोलीतल्या एका मुलाचा. त्याचे आईवडील फाट्याच्या हेलिपॅडवर टोकन घेऊन बसलेत. त्याने मला व्हिडिओ पाठवलाय : निळं आभाळ, ऊन, मागे हिरवा डोंगर.

"दादा, बघा ना, किती क्लिअर आहे. तरी उडवत नाहीत. तुम्ही कंपनीत ओळखता ना कुणाला? एक शब्द टाका."

हा एक शब्द मी टाकत नाही. का, ते त्याला सांगायला मात्र वेळ काढतो. फाट्याला ऊन असतं, केदारनाथला ऊन असतं, आणि मधली दरी बंद असते. सकाळचं ऊन उतारावर पडलं की दरीतली ओल वर उठते आणि दहा-पंधरा मिनिटांत ढग होतो. दरी इतकी अरुंद की एकदा आत शिरलेल्या हेलिकॉप्टरला वळायला जागा शोधावी लागते. ही एका इंजिनाची, एका पायलटची, हलकी यंत्रं. पायलट डोळ्यांनी डोंगर बघून चालवतो. ढगात शिरला की वर कुठलं, खाली कुठलं, हे शरीर खोटं सांगायला लागतं : यंत्र कलंडलेलं असतं आणि माणसाला वाटतं आपण सरळ चाललोय. 1954 मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांची चाचणी घेतली होती. बाहेरचं दिसेनासं झाल्यावर विसांच्याही हातून विमान सुटलं, सरासरी 178 सेकंदांत. आणि ती तर विमानं होती. हेलिकॉप्टर हात सोडून क्षणभरही सरळ राहत नाही, त्याला इतकीही उसंत मिळत नाही.

मुलगा गप्प होतो. मग म्हणतो, "पण पप्पांची सुट्टी परवापर्यंतच आहे."

हे वाक्य मी रोज ऐकतो. सुट्टी, परतीचं वलसाड-हरिद्वार गाडीचं आरक्षण, हॉटेलचे दिवस. हवामानामुळे फेरी रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात, हॉटेलचे मिळत नाहीत. हे सगळं ओझं शेवटी त्या एका पायलटच्या मानेवर जाऊन बसतं. म्हणून मी आता यात्रेच्या आखणीत केदारनाथसाठी एक दिवस मोकळा ठेवतो आणि त्याचे पैसे आधीच धरतो. त्यामुळे माझा दर शेजारच्या दुकानापेक्षा जास्त दिसतो. दिसू दे.

10 वाजता ऑफिसचं शटर वर जातं. पहिलं काम बुकिंगची चौकशी. तिकिटं फक्त आयआरसीटीसीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढायची, हे प्रत्येकाला नव्याने सांगावं लागतं, कारण नकली साइटवाल्यांनी इथल्या कितीतरी घरांना फसवलंय. दुसरं काम वजनाचं. काउंटरच्या मागे वजनकाटा ठेवलाय. मावशी वजन सांगायला लाजतात, सुना सासूचं अंदाजे सांगतात, आणि नेहमी कमीच सांगतात. ऐंशी किलोच्या वर गेलं की जादा पैसे लागतात, म्हणूनही कमी सांगतात.

"पाच किलोनं काय बिघडतंय हो भाऊ?"

बिघडतं, काकू. आपलं सुरत समुद्रसपाटीला. केदारनाथ 3,583 मीटरवर. तिथली हवा इथल्यापेक्षा सुमारे तीस टक्के विरळ असते, ऊन चढलं की आणखी विरळ होते. पंखा हवेला खाली ढकलून यंत्र उचलतो. ढकलायला हवाच कमी, तर उचलही कमी, आणि इंजिनाचीही ताकद घटलेली. सहा जणांनी पाच-पाच किलो लपवले तर तीस किलो झाले, आणि पायलटने तर कागदावरच्या आकड्यावर हिशेब बांधलेला. उतरताना तो हिशेब चुकला, पाठीमागून वारा आला, तर हेलिकॉप्टर स्वतःच खाली ढकललेल्या हवेत बसायला लागतं. अशा वेळी जोर वाढवला तर ते अधिकच खाली जातं. बाहेर पडायला उंची लागते, आणि हेलिपॅडच्या तोंडाशी उंचीच नसते. एवढं सांगितल्यावर काकू चपला काढून काट्यावर उभ्या राहतात.

जेवण 1 च्या सुमारास, डब्यातलं.

दुपारी काम कमी असतं, तेव्हा मी अपघातांचे अहवाल वाचतो. एएआयबी, म्हणजे विमान अपघातांचा तपास करणारी आपली सरकारी संस्था, ते प्रसिद्ध करते. इंग्रजी जड असतं, तरी वाचतो. 8 मे 2025 ला गंगोत्रीच्या वाटेवर गंगनानीजवळ बेल 407 पडलं, सहा गेले, त्यांत मुंबईच्या महिला होत्या. प्राथमिक अहवालात असं आहे की पायलट रस्त्यावर उतरायचा प्रयत्न करत होता आणि मुख्य पंख्याचं पातं रस्त्याच्या कडेने गेलेल्या फायबर केबलला लागलं. केबल! आपल्या गल्लीत खांबाखांबावरून लोंबते तीच. तार वरून दिसत नाही, खांब दिसतो; म्हणून खांब दिसला की तार आहेच असं धरून चालावं लागतं. महाराष्ट्रातही हे झालंय : 25 मे 2017 ला निलंग्यात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडताच खाली आलं आणि तारांत अडकलं, सगळे बचावले. 2 ऑक्टोबर 2024 ला पुण्याजवळ बावधनला सकाळच्या धुक्यात उड्डाण घेतलेलं हेलिकॉप्टर काही मिनिटांत पडलं, तिघे गेले. लोकांच्या मनात अपघात म्हणजे इंजिन बंद पडणं. इंजिन बंद पडलं तरी हेलिकॉप्टर लगेच दगडासारखं पडत नाही. पायलटने क्षणात पात्यांचा कोन कमी केला तर खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरत राहतो आणि मोकळी जागा असेल तर उतरता येतं. माझ्या वाचनात जास्त वेळा यंत्र धडधाकट होतं आणि माणूस नको त्या हवेत, नको त्या जागी होता.

4 वाजता फाट्याहून निरोप : आजच्या सगळ्या फेऱ्या रद्द.

पुढचा तासभर फोन खाली ठेवता येत नाही. डिंडोलीचा मुलगा चिडलेला आहे. त्याची आई मात्र फोनवर शांतपणे अहिराणीत विचारते, "काय करानं आते?" मी सांगतो, आई, आज त्रियुगीनारायणाच्या मंदिरात जाऊन या, उद्या पहाटे पुन्हा बघू. नाहीच जमलं तर गौरीकुंडाहून घोडा किंवा डोली आहे, सोळा किलोमीटरच्या वर वाट आहे, पण माणसं जातात. त्या हो म्हणतात. मुलाला मी बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं सांगतो. 26 जानेवारी 2020 ला लॉस एंजेलिसजवळ ढगात शिरून त्याचं हेलिकॉप्टर पडलं, नऊ जण गेले. तपासात कोणी पायलटवर दबाव टाकल्याचा पुरावा मिळाला नाही. नेहमीच्या प्रवाशाला पोहोचवायचंच, हा दबाव त्याने स्वतःच स्वतःवर घेतला असावा, असं तपासणाऱ्यांनी म्हटलं. कुणी काही न बोलताही पायलट एवढा दबला जातो. मग हेलिपॅडवर पन्नास माणसं घड्याळ दाखवत उभी असतील तर?

संध्याकाळी 7.30 ला गोडादऱ्यात पुढच्या तुकडीची बैठक. सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजी टाकलेली, लहान पोरं पळतायत. इथं मी भजनापूर्वीच बोलून घेतो. हेलिकॉप्टरकडे पुढून जायचं, पायलटला दिसाल असं, कर्मचारी हात करेल तेव्हाच. उताराच्या वरच्या अंगाने कधीच नाही, तिथं फिरतं पातं डोक्याजवळ येतं. शेपटीकडे तर अजिबात नाही : मागचा छोटा पंखा फिरताना दिसत नाही. 23 एप्रिल 2023 ला केदारनाथच्या हेलिपॅडवर उत्तराखंड सरकारच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचा एक अधिकारी त्याच पंख्याने गेला. पदर खोचायचा, टोपी-उपरणं पिशवीत, छत्री आडवी धरायची. फोटो घरी आल्यावर काढा.

एक आजोबा विचारतात, "आणि पायलट वाटेतूनच परत फिरला तर?"

"तर उतरल्यावर त्याला नमस्कार करायचा, आप्पा. त्याने तुमचं काम केलंय."

मागे बसलेला एक तरुण उठतो. दुसऱ्या एका दुकानात हेलिकॉप्टरची हमी देतात म्हणतो, दरही कमी आहे. मी त्याला तिकीट मिळवून देण्याची हमी देतो, उडण्याची देत नाही. तो आगाऊ दिलेले पैसे परत मागतो. मी तिथंच मोजून देतो, त्याची तीन नावं यादीतून काढतो आणि उरलेल्यांची वजनं वाचून दाखवायला घेतो.